घड्याळ म्हणतं मी पडले

सोम. ५ जाने.
काल अमेय आणि ऋचा येऊन गेले. जाताना माझ्या मनगटाला एक काळं चौकोनी घड्याळ बांधून गेले. ऋचाचं जुनं. तिने नवीन घेतलं, हे पडून होतं. सून गुणी आहे, पडून राहिलेल्या वस्तू वाया जाऊ देत नाही. सासूचाही विचार त्यातच झाला असावा.

निमित्त डिसेंबरातल्या प्रकाराचं. मी मेथी आणायला गेले, फोन घरी राहिला. अमेयने फोनवर फोन केले. मी उचलत नाही म्हणून त्याने खालच्या कुलकर्ण्यांना कळवलं, त्यांनी वॉचमनला, वॉचमनने किल्लीवाल्याला. मी परत येते तर दाराचं लॅच उचकटलेलं आणि स्वयंपाकघरात तीन पुरुष मला शोधतायत. कुलकर्णी म्हणाले, "बाई, आपण आहात तर." म्हटलं, आहे. आलाच आहात तर मेथी निवडायला बसा.

तेव्हापासून अ. चं एकच पालुपद. एकटीने राहायचं नाही, हडपसरला चल, खोली तयार आहे. बरीच वादावादी होऊन काल तह झाला. रथसप्तमीपर्यंत हे घड्याळ वापरून बघायचं. जमलं तर मी धायरीतच राहणार आणि स्वतःसाठी नवीन घेणार. नाही जमलं तर सामान बांधायचं.

हे घर मी शाळेत नोकरीला असताना माझ्या नावावर घेतलं. यांच्या माघारीही इथेच राहिले. सोडायचं नाही म्हणजे नाही.

मंगळ. ६ जाने.
बसला ही गर्दी. धायरी फाट्यापासून दांडीला लटकत उभी. घड्याळ थरथरलं. बघते तर, "उभे राहण्याची वेळ झाली आहे!" शेजारच्या बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "कंडक्टरला दाखवा."

दुपारी परत. "श्वास घेण्यासाठी एक मिनिट काढा." घेतच होते.

संध्याकाळी मराठीचा वर्ग. बिल्डिंगमधल्या परप्रांतीय मुलींसाठी मी चालवते तो. समोरच्या फ्लॅटमधली प्रीती, मूळची लखनौची, कॉम्प्युटरमधली, आल्या आल्या म्हणाली, "काकू, तुमची घड्याळ खूप छान आहे." तुमचं. "तुमचं घड्याळ." पुस्तकापेक्षा हे बरं, नपुंसकलिंग एका मिनिटात शिकून झालं. हडपसरला गेले तर हा वर्ग कोण घेणार? अ. म्हणतो, ऑनलाइन घे. वहीत लाल पेनने गोल कसा करू ऑनलाइन?

गुरु. ८ जाने.
एक गोष्ट कबूल करायला हवी. आज फोन सापडेना. घड्याळातलं एक बटण दाबलं की हरवलेला फोन ओरडतो, असं ऋ. ने दाखवलं होतं. दाबलं. तांदळाच्या डब्यावरून आवाज आला. तिथे कसा गेला ते विचारू नये.

शिवाय हात खरकटे असले तरी मनगटावरून बोलता येतं. दत्ताच्या देवळात ऋ. चा फोन आला म्हणून मनगट तोंडाशी धरून म्हटलं, "जेवण झालं का तुझं?" पुढचे गृहस्थ वळून म्हणाले, "हो, आत्ताच." भला माणूस.

शनि. १० जाने.
चिडले आहे. आज स्वारगेटला उतरून चष्म्याच्या दुकानाकडे चालले होते, तर अ. चा फोन. "आई, तू स्वारगेटला काय करतेयस?"
तुला कसं कळलं?
"दिसतं मला."

दिसतं. म्हणजे दिवसभर मी एक निळा ठिपका होऊन त्याच्या फोनमध्ये फिरते आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणे, "आई, काळजी वाटते म्हणून." मी आयुष्यभर मराठी शिकवलं. काळजी आणि पाळत हे समानार्थी शब्द नाहीत, एवढं मला कळतं. तसं सांगितलंही. तो म्हणाला, "मीटिंग आहे."

चष्मा न घेताच परत आले. राग येतो तेव्हा मला रडू येतं, ते आणखी वाईट.

मंगळ. १३ जाने. भोगी.
लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

सकाळी भोगीची भाजी केली. मग तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या. बाजरीला जोर लागतो, नाहीतर कडा चिरतात. चांगल्या हात उचलून थापल्या. एक तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि सुकायची वाट बघत शांत उभी राहिले. एवढ्यात मनगट थरथरायला लागलं. "तुम्ही जोरात पडले असे दिसते." खाली दोन बटणं, एक मी ठीक आहे आणि दुसरं मदतीचं. (पडलात. आधी क्रियापद सुधारा, मग मदत करा.) ठीक आहे ते दाबायला गेले तर बोटं पिठाने माखलेली, काच ढिम्म. पदराला पुसून पुन्हा दाबते तोवर अ. ला आणि कुलकर्ण्यांना निरोप गेला होता.

आधी कुलकर्णी आले. दार उघडलं तेव्हा माझे कोपरापर्यंत हात पांढरे. ते नीट बघून म्हणाले, "बाई, आपण पडता कधी ते आधी कळवत जा. मला आंघोळ अर्धी टाकून यावं लागतं." खरोखरच खांद्यावर टॉवेल होता.

त्यांनी अ. ला सांगायला फोन लावला, पण तो गाडीवर होता. हडपसरहून थेट आला. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. मी म्हटलं, अरे, भाकरी थापत होते. तो खुर्चीवर बसला. मग मी वाढलेली भाकरी खाल्ली, लोणी घेतलं, सगळं निमूट. आणि उठताना म्हणाला, "आई, मला हे झेपत नाही. रथसप्तमी झाली की सामान हलवू."

माझ्या यंत्राने माझ्याविरुद्ध साक्ष दिली. आणि तीही खोटी.

बुध. १४ जाने.
संक्रांत. गोड बोलायचा दिवस. अ. ने फोन केला, मी गोड बोलले नाही. तोही नाही.

शुक्र. १६ जाने.
प्रीतीला सगळं सांगितलं. तिने आधी पोटभर हसून घेतलं. मग म्हणाली, "काकू, घड्याळला भाकरी माहीत नाही." घड्याळाला. "घड्याळाला भाकरी माहीत नाही. तिकडे कोणी बनवत नाही ना." हे खरंच आहे. ज्यांनी हे बनवलं त्यांच्यात हात आपटला म्हणजे माणूस पडला. आमच्यात हात आपटला म्हणजे जेवायची वेळ झाली.

तिने दोन गोष्टी दाखवल्या. एक, थापायला बसताना व्यायाम चालू आहे असं घड्याळाला सांगायचं, मग ते असल्या आपटण्याचा एवढा बाऊ करत नाही. दुसरं, तरीही विचारलंच तर काचेच्या नादी न लागता कडेचं बटण बोटाच्या पेराने दाबायचं आणि निरोप थांबवायचा. लगेच परात घेतली. ज्वारीच्या थापल्या, जरा जास्तच जोरात, अ. चा राग काढत. घड्याळ गप्प. शेवटी म्हणालं, "उत्तम व्यायाम!" पहिल्यांदाच त्याच्याशी माझं एकमत झालं.

शनि. १७ जाने.
आज मीच हडपसरला गेले. दोघांना समोर बसवलं. म्हटलं, घड्याळ घालते, ठिपका होऊन फिरते, पण एका अटीवर. माझं तुला दिसतं, तसं तुझं मला दिसलं पाहिजे. आणि तू पडलास तर निरोप मला आला पाहिजे. दोन्हीकडून, नाहीतर कुणाकडूनच नाही.

अ. म्हणाला, "आई, मी कशाला पडतोय?"
ऋ. म्हणाली, "अहो आई, बरोबर आहे तुमचं. मी पुढच्या आठवड्यात बंगळूरला असेन, याच्याकडे कोण बघणार?" आणि त्याचा फोन हिसकावून, त्याच्या मनगटावरचं घड्याळ तिथल्या तिथे माझ्याशी जोडून दिलं. सुनेबद्दल पहिल्या पानावर लिहिलेलं मागे घेते.

मंगळ. २० जाने.
फार मजा आहे यात. दुपारची वेळ टळून गेली तरी अ. चा ठिपका ऑफिसातून हलेना. फोन केला. जेवलास का? "काम आहे, आई." संध्याकाळी ठिपका एका वडापावच्या गाडीपाशी. फोन केला. तेल बघून खा. थोड्या वेळाने ठिपका सिग्नलच्या पुढे भलत्याच रस्त्याने. फोन केला.

तो ओरडला, "आई, तू माझ्यावर पाळत ठेवतेयस का?"

हाच शब्द. तिकडे त्याच्याही लक्षात आलं. मग हसायला लागला, मीही. म्हणाला, "बरं, कळलं." कितीतरी दिवसांनी आम्ही असे हसलो. आज शिरा केला, एकटीसाठीच.

शुक्र. २३ जाने.
अ. च्या घरातून लिहिते आहे. तो आतल्या खोलीत झोपलाय.

सकाळी परातीपाशी होते, व्यायाम वगैरे सांगून. मनगट थरथरलं. म्हटलं, झालं याचं सुरू. पेराने बटण दाबणार तोच वाचलं. माझं नाव नव्हतं. "अमेय जोरात पडले असे दिसते."

मनात पहिला विचार काय यावा? हा कुठे भाकऱ्या थापायला बसला. खरंच तसंच आलं.

फोन केला, उचलेना. परत केला. ठिपका ऑफिसच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, हलत नाही. ऋ. बंगळूरला. तिसऱ्यांदा उचलला. "आई. खडीवरून गाडी घसरली. पाय हलत नाहीये." बोलतोय हे ऐकलं आणि माझं डोकं एकदम लख्ख झालं. म्हटलं, शेजारी कोण आहे त्यांना फोन दे. कुणी एक भला माणूस होता. त्याला सांगितलं, उठवायला ओढाताण करू नका, जवळच्या हॉस्पिटलात न्या, मी पोचते. कुठलं हॉस्पिटल ते मला ठिपक्यावरून कळणारच होतं.

रिक्षावाला म्हणाला, "हडपसर? मीटरनं नाय जमणार बगा." मी फक्त त्याच्याकडे बघितलं. शाळेतली नजर अजून शाबूत आहे. त्याने मीटर टाकला.

वाटेत तो सारखा आरशातून बघत होता. शेवटी म्हणाला, "आजी, हाताला पीठ हाय." तेव्हा कळलं, मी हात न धुताच निघाले होते. आणि मग त्या रिक्षात मला भोगीचा दिवस आठवला. याच रस्त्याने तो उलटा आला होता, असाच, मी जिवंत आहे की नाही हे माहीत नसताना. मला निदान त्याचा आवाज तरी ऐकू आला होता. त्याला तोही नाही. मी त्याला पाळत म्हटलं होतं. फार वाईट वाटलं मला.

हॉस्पिटलात त्याला आत घेतलेलं. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "पेशंटसोबत कोण आहे?" मी म्हटलं, मी आहे. ती माझ्या पांढऱ्या केसांकडे आणि पांढऱ्या हातांकडे बघून म्हणाली, "दुसरं कुणी?" म्हटलं, गरज नाही. सह्या केल्या, एक्स-रेला घेऊन गेले, डॉक्टरांना जे विचारायचं ते विचारलं, ऋ. ला कळवलं आणि रडू नकोस म्हणून दरडावलं. घोट्याचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय, ऑपरेशन नाही. डॉक्टर अ. ला म्हणाले, "आई खंबीर आहेत तुमच्या." तो म्हणाला, "हो, त्रास होतो कधीकधी."

बरा आहे म्हणायचा.

रवि. २५ जाने. रथसप्तमी.
ऋ. काल परत आली. आज तहाची मुदत संपली. चहा घेताना तीच म्हणाली, "मग आई, घड्याळाचं काय ठरवलंत?"

माझा निकाल असा. श्वास घ्या, उभे राहा, हा चावटपणा बंद करता येत असेल तर करावा. झोप कशी लागली ते मला सकाळी उठल्यावर कळतं, यंत्राने सांगायची गरज नाही. पण खरकट्या हाताने बोलता येतं, फोन सापडतो, आणि माणूस सापडतो. तेवढ्यासाठी रोज घालावं असं आहे. ऋ. चं जुनं तिला परत. मी माझं नवीन घेणार, माझ्या पेन्शनीतून, मोठ्या आकड्यांचं. मराठी व्याकरणाची तक्रार कुठे करायची तेही विचारून येणार.

अ. पाय उशीवर ठेवून ऐकत होता. म्हणाला, "सामान हलवायचं राहू दे, आई. तू जिंकलीस." मी म्हटलं, हे आधी लिहून दे. तो म्हणाला, "प्लास्टर हाताला नाहीये, देतो."

आज मला विशीत असल्यासारखं वाटतंय. उगाच कशाला लपवू.

शुक्र. ३० जाने.
घड्याळ आणलं. दुकानदाराला विचारलं, भाकरी थापताना चालेल ना? तो म्हणाला, "वॉटरप्रूफ आहे, मॅडम." त्याला सगळं समजावून सांगितलं. मागे रांग लागली. लागू दे.

उद्या धायरीला परत जाते आहे. वर्ग दोनदा बुडला, प्रीतीचे निरोपावर निरोप. त्यात "काकू, तुमचं आठवण येतं" असं लिहिलंय, म्हणजे फार उशीर करून चालणार नाही.

दुपारी पिशवी भरत होते. अ. कुबड्या टेकत दारापर्यंत आला. उभा राहिला. म्हटलं, पाणी हवंय? नको म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आई, इथे राहशील का? म्हणजे, तुला वाटलं तर."

आजवर तो चल म्हणत होता, सामान हलवू म्हणत होता, खोली तयार आहे म्हणत होता. विचारलं आज. माझ्या हातातली साडी घडी करायची तशीच राहिली. धायरी सोडायची नाही, हे माझं पक्कं होतं. आज दुपारपर्यंत तर अगदीच पक्कं.

विचार करते, एवढंच म्हटलं. आणि खरंच करते आहे.