नकाशातला हिरवा रंग

२७ डिसेंबर

साकिबचा फोन आला. येमेनच्या बंदरावर रुळला म्हणे, क्रेन चालवतो. कंपनी अमिरातीची, पहाराही अमिरातीच्याच फौजेचा. जहाजावरची नोकरी नाकारायला लावली ती मीच! तांबड्या समुद्रात बंडखोर जहाजं फोडतात. मी नकाशावही उघडली आणि नशिराबादच्या शाळेत तीस वर्षं केलं तेच केलं — शत्रू लाल, मित्र हिरवे. सौदी हिरवा, अमिरात हिरवी, दोघांनी मिळून राखलेला तो किनाराही हिरवा. हिरव्यात राहा, म्हटलं. पोरानं ऐकलं.

थोरला फैसल तर सौदीतच, हवाई तळाच्या खानावळीत आचारी. सकाळी सहाला नाश्ता, पाच मिनिटं इकडे-तिकडे नाही, असं ऐटीत सांगतो. दोन्ही पोरं मित्रांच्या घरी. मी निर्धास्त आहे.

३० डिसेंबर

बंदरावर बॉम्ब पडले! साकिबच्या बंदरावर. टीव्हीवर दिसलं. बंडखोरच असणार, वाटलं — नाही! सौदीची विमानं! पहाटे आली. अमिरातीहून उतरलेला माल उडवला म्हणे. सौदीनं? अमिरातीचा?

साकिबचा फोन बंद.

३१ डिसेंबर

बंदच.

पोरांचे अब्बा, जब्बार, सकाळपासून दारात बसून आहेत, चहासुद्धा घेतला नाही. फैसलला दहा वेळा लावला. वाजतो, पण उचलत नाही. हा का उचलत नाही?

शिंदखेड्याकडची भागाबाई भाजी घेऊन आली. माझा चेहरा बघून पाटी खाली ठेवली. तिला सगळं सांगितलं, नकाशाही दाखवला. तिनं साधंच विचारलं, "त्या तं दोस्त शेतस ना, बेन?"

हो, दोस्तच आहेत, म्हटलं. हजारभर मुलांना भूगोल शिकवला मी! अक्कल कुठे गहाण टाकली होती? माझ्या हातानं रंगवलं आणि माझ्याच लेकराला तिथे पाठवलं. नकाशावही फाडायला घेतली, फाडवली नाही.

१ जानेवारी

साकिब जिवंत आहे! जिवंत! कुणाच्या तरी फोनवरून अर्धं मिनिट बोलला. डाव्या कानानं ऐकू येत नाही. अमिरातीची फौज निघाली, आता बंदर कुणाचं ते त्यालाही ठाऊक नाही. मी रडत होते ते त्याला नीट ऐकू गेलं नसावं. बरंच झालं.

२ जानेवारी

शेवटी फैसलचा फोन. साकिब वाचला, मी सांगितलं. मग म्हणाला, "अम्मी, त्या दिवशी वैमानिकांना नाश्ता दोन तास आधी हवा होता. मीच वाढला."