सरांची मांद्रेन्सिस

११ फेब्रुवारी २०२४
आज जयराम सरांच्या (माझे गाइड आणि विभागप्रमुख) डिचोलीच्या घरी. गेटवर पितळी पाटी – ‘मांद्रेन्सिस’. सरांनी वीसेक वर्षांपूर्वी मांद्र्यात शोधलेल्या खवले किडीचं नाव. पोस्टमनला वाटतं, पोर्तुगीज आडनाव असेल. कीड म्हणजे फांदीवरचा तपकिरी फोड. मादीला पंख नाहीत. एकदा चिकटली की मरेपर्यंत जागा सोडत नाही, बसल्या जागी रस पिते. आमच्याकडे अशालाच विभागप्रमुख म्हणतात.

१३ फेब्रुवारी
मांद्रे. देवकीकाकींच्या गेस्टहाऊसमागचं शिरीषाचं झाड. सरांची कीड इथलीच. तिच्या अंगातून गोड चिकट थेंब गळतात, खाली पाहुण्यांच्या स्कूटरी. काकी कावल्यात. “गो बाय, तुझे सर तिका आपला चेडू म्हणतत. मग न्हेऊंदेत आपल्या घराक!” चेडू म्हणजे लेक.

फांदी घेऊन आले. मला बरेच दिवस संशय आहे – करंजावरची साधी कीड आणि सरांची ही, दोन्ही एकच. झाड वेगळं म्हणून रूप वेगळं. सरांच्या किडीची रांगती पिल्लं करंजाच्या रोपावर सोडली, करंजावरची शिरीषाच्या रोपावर. सरांना बोलले नाही. प्रबंधावर त्यांची सही हवीय.

२ मार्च
आणलेल्या फांदीवर नर निघाले. पंख आहेत, तोंड नाही. दोन दिवसांत मरतात बिचारे. सर बघायला आले आणि बोलत राहिले, बोलतच राहिले. तोंड असल्याचे तोटे.

१८ एप्रिल
रोपांवर वाढलेल्या माद्या उकळल्या, रंगवल्या, काचपट्टीवर घेतल्या. कडेचे काटे, पाठीवरची छिद्रं – मांद्रेन्सिसची लेक करंजावर वाढली ती हुबेहूब साधी कीड. आणि साधीची लेक शिरीषावर झाली मांद्रेन्सिस. म्हणजे अशी वेगळी जातच नाही. नाव बाद. पाटी उतरवावी लागणार. आज जेवण फार गोड लागलं.

२० एप्रिल
पुढच्या आठवड्यात फोंड्याला सरांच्या निवृत्तीचा सत्कार. माझ्या शेजारच्या टेबलावरची सुविधा म्हणाली, “नंतर सांग गं. हार तरी घालूदे त्यांना.” का म्हणून? एका किडीवर किती भाषणं ऐकलीत आम्ही. उद्याच सांगणार, सही गेली तर गेली. काय बोलायचं ते आरशासमोर म्हणून पाहिलं. ‘नम्रपणे’ हा शब्द दोनदा येतो – एक काढला.

२१ एप्रिल
सरांनी काचपट्ट्या बराच वेळ पाहिल्या. मग सूक्ष्मदर्शकाचा दिवा स्वतःच बंद केला.

“मी हे करून बघितलंय, गौरवी. पाच वर्षं झाली. हेच दिसलं. छापायचा धीर झाला नाही.” काचपट्ट्या पेटीत ठेवत म्हणाले, “बाकीचे माझ्या विनोदांवर हसतात. तू माझ्यावर हसतेस. म्हणून तर या किडीवर तुला घेतलं.”