मोहरी घराघरात होती

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. राग त्याहूनही जुना आहे, लिहायला मात्र आज बसले. आज इथे अकोल्यात, ज्युनिअर कॉलेजच्या वर्गात, मी कवितेतला संदर्भ शिकवला. शिकवला तो तुमच्याच शब्दांत, कारण दुसरे शब्द मला येतच नाहीत. परतवाड्याच्या शाळेत, नववीत असताना, खडू टेबलावर ठेवून तुम्ही म्हणाला होतात, "‘चाक रुतलं’ एवढंच म्हणा. नाव घेऊ नका. अख्खं रणांगण उभं राहते की नाही डोळ्यांपुढे? कवीनं फक्त दार दाखवायचं, आत वाचणारा जाते." आम्ही 'मले' म्हटलं की 'मला' म्हणायला लावणारे तुम्ही, रंगात आलात की स्वतःच वऱ्हाडीत घसरायचात. मला तुम्ही फार आवडायचात. हे आधीच सांगून टाकते.

त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ तापाने गेला होता. चार वर्षांचा होता. आई बोलेनाशी झाली होती, ताटावर बसायची आणि तशीच उठायची. तुम्ही भित्तिपत्रकासाठी कविता मागवल्या, म्हणून मी लिहिली. तिच्या शेवटच्या दोन ओळी अशा होत्या: मोहरी घराघरात होती, माय रिकाम्या हाती आली. चुलीपाशी बसून मी ती आईला वाचून दाखवते आहे. माझ्या आईला सही करता येते, तेवढंच. भाकर थापता थापता तिचे हात थांबतात. "हे तं भगवंतानं मोहरी आनाले धाडलं होतं, त्या बाईचं हाय," ती म्हणते. विहारात ऐकलेली गोष्ट. बाईचं लेकरू मेलेलं, ती त्याला कडेवर घेऊन औषध मागत फिरते. बुद्ध म्हणतात, मूठभर मोहरी आण, पण ज्या घरात कधी कोणी मेलं नाही अशा घरातून. मोहरी सगळ्यांकडे होती, तसं घर कुठेच नव्हतं. त्या दिवशी आई पहिल्यांदा मोठ्याने रडली, आणि मग पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात माझी वही उघडलीत. "मोहरी घराघरात होती, तर माय रिकाम्या हाती कशी आली? अर्थदोष!" मग वही बाजूला सारून, खास आपल्या बोलीत, "आन मोहरी पायजे कायले होती वं? दृष्ट काढाले? धम्म घेतला न तुमी लोकाइनं? मंग अजून मीठ-मोहऱ्या ओवाळूनच राहिले का?" वर्ग हसला. तुम्हाला वाटलं, तुम्ही अंधश्रद्धेचा समाचार घेताय. मी उभी होते. एक वाक्य बोलले असते तरी पुरे होतं. पण संदर्भ फोडून सांगायचा नसतो, हे तुम्हीच शिकवलेलं. तसं म्हणायला बरं वाटतं. खरं म्हणजे मी घाबरले होते. दोन दिवसांनी भित्तिपत्रक लागलं. माझ्या नावाखाली, तुमच्या वळणदार अक्षरात: मोहरी कुठेच नव्हती, माय रिकाम्या हाती आली. अर्थदोष गेला. आणि आम्ही मोहरीलाही महाग असलेलं घर झालो. अहो, घराघरात मोहरी असते आणि घराघरातलं कोणीतरी गेलेलं असतं, एवढीच तर ती कविता होती. तुम्ही इतकासा बदल केलात आणि माझ्या आईला दारोदार भीक मागायला लावलंत. आमच्या घरातली एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नव्हती, याचा राग नाही. तुम्हाला ठाऊक नाही म्हणजे ते चूकच असणार, हे तुम्ही किती सहज धरून चाललात, त्याचा आहे.

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "काय म्हनले वं सर?" मी म्हणाले, "डोये भरले त्याइचे." झालं. तेव्हापासून बाजारात तुम्ही दिसलात की ती हातातली पिशवी खाली ठेवून "जय भीम, सर" म्हणायची. तुम्ही रिटायर झालात तेव्हा तिने मुंगवड्यांचा डबा पाठवला. तुम्ही तो रिकामा परत केला नाहीत, साखर भरून पाठवलात. ती साखर तिने महिनाभर पुरवली, आणि मी तो महिनाभर चहा बिनसाखरेचा प्यायले. तुम्ही गेल्याची बातमी आली तेव्हा ती म्हणाली, "कवितेची कदर होती त्या मानसाले." मी मान डोलावली. भित्तिपत्रकानंतर मी एकही कविता लिहिलेली नाही. दुसऱ्यांच्या शिकवते, आणि बऱ्या शिकवते म्हणतात.

आज फळ्यावर मी त्या दोन ओळी जशा होत्या तशा लिहिल्या. कोणाच्या ते सांगितलं नाही. मुलांनी वहीत उतरवून घेतल्या. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र पेन खाली ठेवलं आणि नुसती फळ्याकडे बघत राहिली. तिला काही विचारायचं माझं धाडस झालं नाही. घरी आले आणि हे लिहायला घेतलं. आई आता ऐंशीला टेकली आहे, माझ्याकडेच असते. "कोनाले लिहून राहिली वं?" तिने विचारलं. म्हटलं, सरांना. गेलेल्या माणसाला पत्र कसलं, असं काही तिला वाटलं नाही. पदर सावरून ती समोर येऊन बसली आणि म्हणाली, "वाच बरं." मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचायला लागले: सर, त्या दिवशी वर्गात माझी कविता वाचताना तुमचे डोळे भरले होते, ते मी अजून विसरले नाही. पुढेही बरंच वाचलं. इथे लिहिलेली एक ओळही त्यात नव्हती.