आतली चिठ्ठी

नागपूर,
ता. ७ जुलै १९५७

ती. धुरपताअक्कास,
प्रेमदासचा सविनय जयभीम. वि. वि.

तळेगावाहून निघालेली मोटर कारंज्याला दोन तास रुसून बसली, पण मी आणि मायने दिलेले लोणचे दोघेही धड पोचलो. वसतिगृहात अकरा नंबरची खोली मिळाली. बी. ए. चे वर्ग परवापासून सुरू होतील. बाला सांग, सरकारने आणि कॉलेजने मिळून तुझ्या पोराची इतकी काळजी घेतली आहे की आता बिघडायला जागाच उरलेली नाही. मंगळवारी डॉक्टर येतात आणि पोटदुखीपासून डोळेदुखीपर्यंत सगळ्यांना एकच गुलाबी औषध देतात. ग्रंथालयातून गरीब विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी पुस्तके मिळतात. माझ्या इतिहासाच्या पुस्तकात आधीच्या तिघांच्या खुणा आहेत आणि तिघांनाही वेगवेगळे महत्त्वाचे वाटलेले आहे. यंदा नवीन सोय म्हणजे, विद्यार्थ्यांच्या अडचणी ऐकायला प्राध्यापक वासुदेवराव दर गुरुवारी चार ते पाच बसतात. बसतात मात्र व्हरांड्यात, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. त्यामुळे अजून कोणालाही अडचण आलेली नाही.

बाने गुडघ्याला तेल लावत जावे. मायला नमस्कार. माझ्यावर लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझा,
प्रेमदास

(आतली चिठ्ठी)

अक्का, वरचे पत्र नेहमीसारखे ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखव. ही चिठ्ठी तुझ्यापुरती. बाच्या कानावर जाऊ देऊ नकोस.

शिष्यवृत्तीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो आणि त्यात जातीचा रकाना असतो. मागच्या जुलैत मी तो विचार न करता भरला. मग दसऱ्याला आपण सगळ्यांनी दीक्षा घेतली. आता कॉलेजच्या ऑफिसातले बंडोपंत सांगतात, की बौद्ध लिहिणाऱ्याला ही शिष्यवृत्ती नाही, जुनी जात लिहिणाऱ्याला आहे, आणि सोबत तहसीलीचा ताजा दाखलाही हवा. माणूस वाईट नाही. हळूच म्हणाले, मॅट्रिकच्या कागदावर आहे तेच लिही, तुझ्या मनात शिरून कोण पाहणार आहे. शिष्यवृत्ती नाही तर वसतिगृह नाही, आणि वसतिगृह नाही तर मी घरी. मुदत महिनाअखेरपर्यंत. अर्ज कोरा ठेवला आहे. रोज बाहेर काढतो, बघतो, परत ठेवतो. काय करू ते लिही.


तळेगाव (श्यामजी पंत),
ता. १२ जुलै १९५७

चि. प्रेमदास यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

तुझे पत्र ओट्यावर वाचले. गुलाबी औषध लोकांच्या आग्रहावरून दोनदा वाचावे लागले. माय म्हणते, लोणच्याला ओला हात लावू नको.

बाचे पाय सध्या जमिनीवर नाहीत. परवा बाजारात पटवारी रूपरावांनी त्याला सवयीने जातीच्या जुन्या नावाने हाक मारली. बा भर बाजारात उभा राहिला आणि म्हणाला, त्या नावाचा माणूस मागच्या दसऱ्याले मेला, आता मले नत्थूजी म्हणा. रूपराव पान चघळायचे विसरले. तेव्हापासून रस्त्याच्या कामावरही बा ताठ चालतो आणि रात्री गुडघा धरून बसतो. इकडची काळजी करू नकोस, अभ्यास कर, आणि आठवड्याला दोन ओळी तरी टाक.

तुझी,
धुरपता

(आतली चिठ्ठी)

काऊन इतका घाबरतोस? रकान्यात जुने लिही आणि मोकळा हो. मी शाळेच्या दाराबाहेर बसून सातवीपर्यंत शिकले. पाऊस आला की पाटी पोटाशी धरायची आणि आतला धडा कान देऊन ऐकायचा. तू खुर्चीवर बसून शिकतोस. ती खुर्ची मी कोणत्याही रकान्यापायी जाऊ देणार नाही. दाखल्यासाठी वडिलांचे प्रतिज्ञापत्र लागते, ते मी बघते. कसे, ते विचारू नकोस.


नागपूर,
ता. १९ जुलै १९५७

ती. अक्कास सविनय जयभीम.

वर्ग जोरात सुरू आहेत. इंग्रजीचे सर इतक्या वेगाने बोलतात, की आम्ही हसायच्या जागी गप्प बसतो आणि गप्प बसायच्या जागी हसतो. प्रकृती उत्तम. सर्वांस यथायोग्य.

प्रेमदास

(आतली चिठ्ठी)

अक्का, दाखल्याच्या भानगडीत पडू नकोस. काल गुरुवार होता. सगळ्यांच्या देखत वासुदेवराव सरांपुढे जाऊन बसलो. वाटले, उपदेश करतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, की तुला स्वतःला काय लिहावेसे वाटते. हे मला आजवर कोणी विचारलेच नव्हते, तूसुद्धा नाही. मी म्हणालो, बौद्ध. ते म्हणाले, मग परिणाम आधी समजून घे. गरीब विद्यार्थी निधीतून अर्धी फी सुटेल, पुस्तके मिळतील, पण जेवणाची आणि राहण्याची सोय त्यांच्या हातात नाही. दिवाळीपर्यंत कसेबसे निभेल. पुढचे त्यांनाही माहीत नव्हते आणि त्यांनी माहीत असल्याचा आवही आणला नाही. मी आज अर्ज भरून दिला. बौद्ध असे लिहिले. अक्षर चांगले आले.


तळेगाव,
ता. २३ जुलै १९५७

चि. प्रेमदास यास अनेक आशीर्वाद.

घरी सर्व क्षेम. शेळीला दोन पिले झाली. एकाचे नाव बाने बॅरिस्टर ठेवले आहे, कारण ते सारखे ओरडते आणि कोणाचे ऐकत नाही.

धुरपता

(आतली चिठ्ठी)

तुझी चिठ्ठी आज मिळाली. उशीर झाला रे. मी शनिवारीच सगळे उरकले होते. बाला म्हणाले, वसतिगृहाचा कागद आहे, अंगठा पाहिजे. तो कोयता घासत होता. हात धोतराला पुसला, अंगठा उठवला आणि म्हणाला, तू मास्तरीण, तुले समजते. कागदावर काय आहे एवढेही त्याने विचारले नाही. त्या कागदात लिहिले आहे, की मी नत्थू, माझी जात अमुक, आणि आजही तीच आहे. त्यावर आर्वीच्या तहसीलीतून दाखला काढला आणि रजिस्टरने सरळ तुझ्या ऑफिसात धाडला. तुझ्या हाती आला असता तर तू फाडला असतास, हे मला ठाऊक होते.

तेव्हापासून मी बासमोर जेवायला बसत नाही. तरी पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. तू गप्प रहा, एवढेच मागते.


नागपूर,
ता. १ ऑगस्ट १९५७

ती. अक्कास सविनय जयभीम.

बॅरिस्टरची बातमी वाचून खोलीतले सगळे हसले. मला सर्दी झाली होती, गुलाबी औषधाने बरी झाली, किंवा औषधाला न जुमानता बरी झाली. बाला आणि मायला नमस्कार.

प्रेमदास

(आतली चिठ्ठी)

ही चिठ्ठी वाचून दाखवू नकोस. बंडोपंतांनी मला बोलावले. त्यांच्या टेबलावर माझा अर्ज होता, त्यात बौद्ध, आणि शेजारी तुझा दाखला, त्यात जुनी जात, खाली बाचा अंगठा. म्हणाले, बाप एक सांगतो, मुलगा दुसरे, मी खरे कोणते धरू? सोमवारी बारा तारखेपर्यंत सांग, मग कागद वर जातील. बौद्ध खरे म्हटले तर दाखला खोटा ठरतो आणि बा अडकतो. दाखला खरा म्हटला तर मी खोटा.

अक्का, तुझा मला फार राग आला आहे. ज्या माणसाने पटवाऱ्याला भर बाजारात उत्तर दिले, त्याचाच अंगठा तू फसवून घेतलास. तो तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो म्हणून तुला ते जमले. माझे जेवणात लक्ष नाही, वर्गात लक्ष नाही. दिवसातून दहादा ऑफिसापर्यंत जातो आणि परत फिरतो.


तळेगाव,
ता. ८ ऑगस्ट १९५७

चि. प्रेमदास यास,

घात झाला. तुझे पाकीट आले तेव्हा मी शिक्षकांच्या सभेसाठी आर्वीला गेले होते. बाला दम निघाला नाही. ओट्यावर बाबाराव शिंपी बसले होते, त्यांच्याकडून त्याने पाकीट वाचून घेतले. बाबाराव भला माणूस, समोर येईल ते वाचत गेला. ‘वाचून दाखवू नकोस’ हेसुद्धा त्याने मोठ्याने वाचले. सगळा मोहल्ला बसलेला होता. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता बा आर्वीला गेला आणि संध्याकाळी परतला. माझ्याशी चार दिवस बोलणे नव्हते. आज म्हणाला, कागद घे, प्रेमदासले लिवाचं हाय. सांगतो तसेच्या तसे लिव, एक अक्षर बदलशील तर दुसऱ्याकडून वाचून घेईन. म्हणून त्याचेच शब्द खाली लिहिते.

‘प्रेमदास, बाचा जयभीम. मी आर्वीले गेलतो तो कागद रद्द कराले. तिथला बाबू म्हणे, अर्ज दे, आत्ता रद्द करतो, पण पोराची शिष्यवृत्ती जाईन. मी म्हटलं, जाऊ दे. मंग त्यानं इचारलं, पोरगा काय शिकून राह्यला. मले सांगता आलं नाई. एवढंच म्हटलं, का लय मोठं शिकून राह्यला. तिथं पायरीवर दुपारलोक बसलो. मंग उठलो आन् अर्ज न देताच मोटरीत बसलो. मले नाई जमलं. हे बरं केलं असं मी म्हणत नाई. तुले जे लिवाचं ते लिव, मी काई बोलनार नाई. पण उपाशी राहू नको. तुह्या बहिणीनं माहा अंगठा चोरला. तिले मी अजून माफ केलं नाई. ते माहं आन् तिचं हाय, तू त्यात पडू नको.’

शेवटची वाक्ये लिहिताना त्याने मला दोनदा थांबवले आणि लिहिलेले वाचून दाखवायला लावले. मी वाचले. चूक नव्हती.

धुरपता


नागपूर,
ता. १३ ऑगस्ट १९५७

ती. अक्कास,

काल बंडोपंतांकडे गेलो. माझा अर्ज मागून घेतला, बौद्ध हा शब्द खोडला आणि वर जुना लिहिला. बाजूला सही करावी लागली. मी लिहीत होतो तोवर बंडोपंत खिडकीबाहेर बघत राहिले. शिष्यवृत्ती चालू राहील, खोली राहील, जेवण राहील. बाला अडकवायचे नव्हते म्हणून केले, असे मी स्वतःला सांगतो. तो पायरीवर दुपारपर्यंत बसला, ते डोळ्यांसमोरून जात नाही. पण खरे सांगायचे तर मला इथे राहायचे होते आणि बी. ए. व्हायचे होते.

नंतर वासुदेवराव सरांना सांगितले. ते रागावले नाहीत. म्हणाले, गुरुवारी येत जा, अडचण नसली तरी.

दसऱ्याला दीक्षेला वर्ष होईल. बा मला घरी बोलावील. परीक्षा आहे असे सांग. मी त्याला तोंड दाखवू शकत नाही.

प्रेमदास


नागपूर,
ता. ४ ऑक्टोबर १९५७

ती. अक्कास प्रेमदासचा सविनय जयभीम.

तू परीक्षेचे सांगितलेस आणि बाने ते मानले नाही, हे मला काल सकाळी कळले. वसतिगृहाच्या दारात तो उभा होता. पांढरे धोतर, पांढरा सदरा, मायने निळीत जरा जास्तच बुडवलेला. मी घरी जात नाही म्हणून तोच आला होता.

आमच्याकडे पाहुणा आला की वहीत नोंद होते. नाव, गाव, विद्यार्थ्याशी नाते, जात. वही घेऊन स्वतः अधीक्षक बसले होते. शिष्यवृत्तीच्या मुलांची यादी दर महिन्याला तेच ऑफिसात पाठवतात. त्यांनी नाव विचारले, बाने नत्थूजी सांगितले. नाते विचारले, त्याने बाप असे सांगितले. मग जात विचारली. अक्का, बा काय सांगणार हे मला ठाऊक होते. वर्षभर तो दुसरे काही बोललेला नाही, आणि दीक्षेच्या दिवशी, त्या पांढऱ्या सदऱ्यात, तो दुसरे काही बोलेल असे माझ्या स्वप्नातही नव्हते. मनात म्हटले, बोलू दे. जाऊ दे सगळे.

बाने एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्याने जातीचे जुने नाव सांगितले. पुटपुटला नाही, स्पष्ट सांगितले, पुन्हा विचारायला लागू नये इतके. अधीक्षकांनी लिहिले आणि वही मिटली.

आम्ही दीक्षेच्या मैदानाकडे चालत निघालो. हजारो माणसे जात होती, सगळी पांढऱ्या कपड्यांत. मी रस्त्यात रडलो. बा रडला नाही. मैदान दिसायला लागले तेव्हा थांबला आणि म्हणाला, धुरपताले लिवजो, माहा राग गेला म्हनून. तिनं चोरून केलं ते मी आज उजेडात केलं.

हे पत्र बाच्या आधी पोचावे म्हणून मोटरवाल्याच्या हाती देतो आहे. बा उद्या निघेल.

तुझा,
प्रेमदास