याकुपांबाची हद्द

३ जून
आजपासून सीमेचं काम. आमच्या याकुपांबा गावाची हद्द माझ्या बायकोनं, हेर्मेलिंदानं, स्वतः डोंगर चालून मोजली, जीपीएस यंत्रात बिंदू नोंदवले आणि मार्चमध्ये ती गेली. आता त्या बिंदूंची फाईल नकाशाच्या सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी करून जमीन खात्याच्या पोर्टलवर चढवायची. मुदत १४ जून. त्या नकाशात झरा आमच्याकडे दिसला नाही, तर तो शेजारच्या जमीनदाराचा होईल. बायकोसाठी एवढं करणारच. फोल्डरला नाव दिलं. अवघड भाग झाला.

११ जून
बाल्बिना येऊन गेली. मेहुणी, शिवाय गावसमितीची अध्यक्ष. म्हणाली, दाजी, फाईल कुठवर आली? म्हटलं, तांत्रिक टप्प्यात आहे. म्हणाली, टप्पा चढणीचा की उतरणीचा? तिला यातलं कळत नाही.
शेजारणीनं बटाट्याचं सूप आणलं. दुःखात असूनही गावासाठी राबता, म्हणाली. दुःख तर खरंच आहे. सूप प्यालो.

१३ जून
खात्याकडे मुदतवाढ मागितली. कारण: पत्नीचे नुकतेच निधन. लगेच मिळाली. माणुसकी शिल्लक आहे.

२७ जून
आमच्या देशात दशांशाला स्वल्पविराम देतात, सॉफ्टवेअरला टिंब लागतं. निम्मे बदलले. पुन्हा मुदतवाढ. कारण तेच, मी त्यात काय बदलणार?

१२ जुलै
स्वल्पविराम संपले. आता नावं. हेर्मेलिंदानं बिंदूंना नावं दिली आहेत. ‘इथे दम लागला.’ ‘इथे कुत्रं मागे आलं.’ ‘इथून आमचं छप्पर दिसतं.’ सॉफ्टवेअरला इतकी लांब नावं चालत नाहीत. छोटी करायची. सोमवारी ताज्या डोक्यानं करू.
मुदतवाढ. ही शेवटची.

२६ जुलै, दुपारी ४
झालं! नावं काढून नुसते क्रमांक टाकले. डोळे मिटून केलं. फाईल चढवली, एकही चूक दाखवली नाही. पोर्टल पाचला बंद होतंय, म्हणजे अगदी वेळेत. सहाला सगळ्यांना शाळेत बोलावलंय, भिंतीवर नकाशा दाखवणार.

२७ जुलै
भिंतीवर समुद्र दिसला. श्रीलंकेच्याही खाली, भर पाण्यात आमचं गाव. आमच्या भाषेत पश्चिम म्हणजे ओएस्ते, म्हणून शाळेत शिकल्याप्रमाणे रेखांशाच्या प्रत्येक आकड्यापुढे मी O लिहिला होता. सॉफ्टवेअरला पश्चिमेचा फक्त W कळतो. त्यानं O गुपचूप टाकून दिला आणि पश्चिम गोलार्धातलं गाव पूर्व गोलार्धात नेऊन बुडवलं.
बाल्बिना म्हणाली, दाजी, गाईंना पोहायला कधीपासून शिकवायचं? सगळे हसले. मग कोणीतरी म्हणालं, जाऊ दे, बिचारा दुःखात आहे. रागावले असते तर बरं झालं असतं.
दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. पण फाईल खात्याकडून परत आली होती आणि पोर्टल बंद.

३० जुलै
बाल्बिना स्वतः लोहा शहरातल्या जमीन खात्यात जाऊन आली. बहिणीच्या मरणाचं कारण पुढे करायला जीभ रेटत नव्हती, पण झऱ्यासाठी केलं, म्हणाली. मुदत मिळाली नाही. झरा जमीनदाराच्या नकाशात गेला.
खिडकीतल्या बाईनं तिला विचारलं म्हणे, यांची नेमकी कोणती बायको वारली? जूनमधली, की जुलैमधली?
मी म्हटलं, मार्चमधली.
ती म्हणाली, ते मला ठाऊक आहे, दाजी.