दिल्ली मी एकटीनं पाहिली

अहो राणीचे पप्पा,

आज 'प्रिय' वगैरे काही लिहीत नाही. राग आलाय. समोर असता तर कडाकडा भांडले असते. नाही आहात, म्हणून लिहितेय.

काल बापू येऊन गेला. तुमचा दुकानशेजारी, तुमचा जिगरी दोस्त. चहा पिता पिता डोळे पुसत म्हणाला, "वैनी, आता सांगतो. दादानं शपत घातल्याली. दिल्लीला जायच्या आदी आमी मिरजंला गेल्तो. डाक्टर म्हनला, काळजाच्या नळ्या तुंबल्यात, लय चालू नगासा, पयलं आपरेशन करा. दादा म्हनला, आदी बायकूला दिल्ली दावतो, शब्द दिलाय. लय मोठं मन हुतं वैनी त्येचं!"

मोठं मन! माझ्या डोक्यात सणक गेली. मला तर तुम्ही पंपाचे पार्ट आणायला मिरजेला चाललोय म्हणून सांगितलं होतं ना?

आता मला दिल्लीतला तो दिवस कळला. राणीनं दिल्ली दाखवणाऱ्या बसची दोघांची तिकिटं काढून दिली, ऑफिसला जाता जाता बसजवळ सोडलं आणि चारदा समजावलं, "हवं तिथं उतरा, निवांत बघा, मागून येईल त्या बसमध्ये चढा. तिकीट तेच चालतं." सोपं होतं की नाही? पण तुम्ही ड्रायव्हरच्या मागची खिडकी धरलीत, शेजारी रुमाल टाकलात आणि म्हणालात, "मी न्हाई उतरत. जागा जाईल. तू बघून ये, मी धरून बसतो."

अहो, ती काय सांगली स्टँडवरची यष्टी होती? मी उतरले, तशी बस तुम्हाला घेऊन निघून गेली. मी मागच्या बसमध्ये. दिवसभर हेच. तुम्ही पुढं, मी मागं!

मी फोन केला की तुमचं एकच. "इंडिया गेटाला हाय. तुझी जागा धरल्याली हाय, घाई करू नगं." मी म्हणाले, "आवं, उतरा की तिथं, मी येते!" तर म्हणालात, "नगं, हितनं समदं दिसतंय." खुळ्यासारखी मी कुतुबमिनाराखाली उभी राहून पलूसच्या माणसाच्या हट्टीपणावर हसले. लोकांना वाटलं असेल, बाई मजेत आहे.

चारचौघांत तुम्हाला अडाणी म्हणाले मी संध्याकाळी. त्याचं मला वाईट वाटत नाही. तुम्हीच तसं सोंग घेतलं होतंत. छातीत दुखत होतं का हो तेव्हा? बसमध्ये एकटे बसून घाम पुसत होता का? हे आता मी कुणाला विचारू?

रात्री राणीच्या घरी माझ्या मोबाईलमधले फोटो एकेक करून मागून बघितलेत. "आत कसं हाय? गार लागतं का?" मी रागात होते, धड उत्तरं दिली नाहीत. परतीच्या गाडीत तोंड फिरवून बसले. मिरजेला उतरलो. स्टेशनाबाहेर जिकडं बघावं तिकडं दवाखाने! तुम्ही माझी बॅग उचललीत, हो, तुम्ही उचललीत, आणि म्हणालात, "चल, पलूसची गाडी लागली असंल." आठवडाभरात तुम्ही गेलात.

शब्द दिला होता म्हणे. मला विचारलं होतंत? मी म्हणाले असते, आग लागो त्या दिल्लीला! कुतुबमिनार कुठं पळून चालला होता? भाऊबंद म्हणतात, नशीबवान आहेस, जाता जाता फिरवून आणलं. मी ऐकते आणि आतून जळते. मला ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसायचं होतं. देवाला नवस बोलायचा होता. तुमच्यासोबत भ्यायचं होतं. ते सगळं तुम्ही एकट्यानं उरकलंत.

तेव्हा आज एक शब्द मीही देते. हल्ली जिना चढताना मलाही धाप लागते, आणि हे मी अजून कुणाला बोललेली नाही. तुमचाच गुण लागला. सोमवारी मिरजेला जाते. डॉक्टर जे सांगतील ते त्याच संध्याकाळी राणीला फोन करून सांगेन. रडली तर रडू दे. तिच्यासोबत मीही रडेन. तुम्ही मला ठेवलंत तसं तिच्या आईच्या दुखण्यातून तिला बाहेर ठेवणार नाही.

तुमच्यावर अजून रागावलेलीच,
मंगल