माझे उरलेले तीन दात

सोमवार, ता. ४
सगळ्यांत आधी टपकली शेजारीण — वाटी परत द्यायचं निमित्त! मग नात शिकते त्या दातांच्या कॉलेजातले मोठे सर, मागून तिथल्याच एक शिकवणाऱ्या बाई. आता म्हणे परीक्षा दवाखान्यात नाही, पेशंटच्या घरी. आणि पेशंट म्हणून नातीनं मलाच दाखवलं! सर म्हणाले, "आजी, शुक्रवारी तुमचं तोंड बघू." अगं बाई, लग्नाच्या वेळी कुणी इतकं बघितलं नव्हतं!
पोरगी आधीच एकदा नापास. ह्या खेपेला गेली की कॉलेज सुटलं.

मंगळवार, ता. ५
गेल्या वेळी तिला कवळी बसवून दाखवायची होती. बोळक्या तोंडाचं कुणी मिळालं नाही, म्हणून तर नापास झाली ती. यंदाही तेच असणार, आणि माझे हे तीनच दात मध्ये आडवे!
कुणाला बोलले नाही. कोपऱ्यावरच्या पकडवाल्या डॉक्टरकडे गेले — दात दिसला की पकडीनं उपटतो तो.
"आजी, हे हलत नाहीयेत हो."
"तू उपट रे मुकाट्यानं!"
अर्ध्या तासात तिन्ही बाहेर. पुडीत बांधून आणलेत. उद्या देईन. खूश होईल!

बुधवार, ता. ६
कसली खूश! पुडी उघडली आणि एकेक दात उलटापालटा करून बघितला. "आजी, काय केलंस हे? ते वाचवायचे होते गं! त्याचेच मार्क होते!"
आता नवी तऱ्हा आलीय — आधी राखायचं, उपटायचं अगदी शेवटी. मला मेलीला काय ठाऊक? आणि विचारलं तरी कुठे मी!
सून म्हणाली, "कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" खरंच बोलली.

गुरुवार, ता. ७
पोरगीनं पुस्तकं बांधून ठेवली. माझ्याशी बोलत नाही.

शुक्रवार, ता. ८
सर-बाई आले. नातीनं काही लपवलं नाही. "आजीनं माझ्यासाठी दात काढले. मी तिला नीट सांगितलंच नव्हतं. चूक माझी."
मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.
मग तिनं बॅटरी लावून अख्खं तोंड बघितलं — गाल, टाळू, जीभ उचलून खाली. तिथे थांबली. "सर, हे बघता का?"
पांढरा चट्टा आहे म्हणे. चुरचुरतं खरं तिथे, चार महिने झाले. पकडवाल्यानं तिकडे ढुंकून बघितलं नव्हतं.

शनिवार, ता. ९
कॉलेजात नेऊन चट्ट्याचा तुकडा काढला, तपासायला — वाईट काही नाही ना ते.
पोरगी पास! सर म्हणाले, "हे असं बघता यावं म्हणूनच तर परीक्षा घरी आणली." मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच.
बुधवारी सर-बाई दोघं परत येतो म्हणालेत. रिपोर्ट घेऊन.